फाशावर वीस

शिरूरच्या माझ्या खोलीवर चालणारा आमचा खेळ एका रविवारी दुपारी बंद पडला. त्यात गोष्ट मी सांगायची आणि तिघांनी आपापलं पात्र काय करतं ते बोलून वीस बाजूंचा फासा टाकायचा. बोललेलं मागं घ्यायचं नाही, हा आमचा नियम. दौंडहून बसनं येणारा मित्र वर्षभर आपल्या पात्राच्या हरवलेल्या बहिणीला शोधत होता. दुसऱ्या दिवशी तो नोकरीसाठी परराज्यात निघणार होता, म्हणून ती त्या दुपारी भेटायलाच हवी होती. लाइट गेली होती, खोलीत मिसळीचा वास कोंडला होता आणि खेळातले बाकीचे दोघं, माझ्या कंपनीतले, मोबाईलवर मॅच बघत होते. बहीण अंधारातून पुढं आली, असं मी पुन्हा पुन्हा सांगितलं. "आरं, ऐका की," दौंडचा म्हणाला. "ऐकतोय की. माझाच नंबर हाय ना?" मॅच बघणाऱ्यांतल्या एकानं मान वर न करता फासा टाकला. "घातली तलवार." "कुणाला?" मी विचारलं. "म्होरं हाय त्याला." फाशावर वीस आले होते. वीस म्हणजे समोरचा मेलाच. "ती माझी बहीण हाय," दौंडचा म्हणाला. "मग आधी सांगायचं ना, भावा." मी नियम मोडायला तयार होतो. "नगं. बोलला ना त्यो," म्हणत दौंडच्यानं सॅक उचलली आणि तो जिना उतरला. फासा त्याचाच होता, तो माझ्याकडंच राहिला. आज खण आवरताना तो सापडला.