मिटलेले डोळे

शर्ट शिवायच्या त्या कारखान्यात काजं करणाऱ्या बाईला सगळे काजवालीच म्हणत. बोलणं तुटक, नाकावर माशी बसू द्यायची नाही. पण शर्ट धुऊन धुऊन विरला तरी तिचं काज उसवत नसे. म्हणून तिचा फटकळपणा इतकी वर्षं खपून गेला होता.

मग मालक आजारी पडला, मरता मरता वाचला, आणि देवाचे उपकार त्याने कामगारांकडून फेडून घ्यायचं ठरवलं. रोज सकाळी घंटा झाली की मशीन चालू करण्याआधी सगळ्यांनी उभं राहायचं, हात जोडायचे, डोळे मिटायचे आणि त्याच्या मागून प्रार्थना म्हणायची. तेवढा वेळ जेवणाच्या सुट्टीतून कापला जायचा. मालकाची भक्ती अशी दुसऱ्यांच्या पोटावर चालली होती.

काजवालीची थोरली जाऊ तिथेच कॉलर शिवायची. प्रार्थना सुरू झाली तशी ती मागच्या ओळीतून पुढच्या ओळीत सरकली. तिला मुकादम व्हायचं होतं आणि देव तिला अगदी वेळेवर आठवला होता.

काजवाली उभी राहायची. कारखाना मालकाचा, उभं राहा म्हणाला तर राहू. पण हात खाली आणि तोंड बंद. तिचं देवाशी वाकडं नव्हतं. उलट रोज सकाळी स्वयंपाकाला लागण्याआधी ती खिडकीपाशी उभी राहून देवाशी पोटभर बोलायची, प्रसंगी भांडायचीसुद्धा. त्यात तिसऱ्या कोणाची लुडबुड तिला चालणार नव्हती.

एक दिवस मालकाने काम थांबवून तिला सगळ्यांदेखत खडसावलं. प्रार्थनेला हात न जोडणारी बाई त्याला कारखान्यात नको होती. मग लगेच आवाज उतरवून तो म्हणाला, "मनात नसलं तरी चालेल. नुसते ओठ हलव. कोणाला कळणार आहे?"

"ज्याच्यासाठी म्हणायची त्याला कळेल की," ती म्हणाली.

मालक लालबुंद झाला. उद्यापासून येऊ नकोस म्हणाला. नवरा आणि दीर दोघांची कामं सुटलेली, घर या दोघी जावांच्या कमाईवर चाललेलं, हे त्याला चांगलं ठाऊक होतं. काजवालीने आपली कात्री पिशवीत टाकली आणि निघता निघता विचारलं, "मालक, प्रार्थनेत सगळ्यांचे डोळे मिटलेले असतात. तुमचेसुद्धा. मग माझे हात पाहिले कोणी?"

थोरली जाऊ खाली वाकून सुईत दोरा ओवू लागली. दोरा आधीच ओवलेला होता.

त्या संध्याकाळी घरात ताटं वाढली गेली, उचलली गेली. जाऊ भांडी आदळत राहिली, जणू नोकरी तिचीच गेली होती.

सकाळी काजवाली नेहमीसारखी खिडकीपाशी गेली. आज देवाला सांगण्यासारखं बरंच होतं. हात जोडून तिने डोळे मिटले, तोच मागे पावलं वाजली आणि दारात थबकली. कामावर निघालेली जाऊच ती.

काजवालीने डोळे उघडले नाहीत.

"नीट बघून घ्या, जाऊबाई," ती म्हणाली. "हात जोडलेत. मालकांना हेही सांगा."