हेलिकॉप्टरचं तोंड

लवळ्यातले आमचे घरमालक प्रत्येक वाक्याशेवटी "पटतंय का?" विचारतात आणि उत्तराला थांबत नाहीत.

खोली सोडताना एका विद्यार्थ्याने लष्करी हेलिकॉप्टरच्या प्लॅस्टिक मॉडेलचा खोका मागेच ठेवला. मालकांनी ते मॉडेल जुळवायला घेतलं. सुटे भाग नेलकटरने कापायचे, चिकटवायचे आणि वाळेपर्यंत कपड्यांचे चिमटे लावून ठेवायचे. त्या आठवड्यात आमचे वाळत घातलेले कपडे उडून शेळ्यांपर्यंत पोचले.

तयार झालेलं हेलिकॉप्टर त्यांनी ओट्याच्या कठड्यावर ठेवलं, बंदुका समोरच्या भावाच्या घरावर रोखून. शेताच्या बांधावरून दोघांचं बोलणं कित्येक वर्षं बंद होतं. भावाने आधी खिडकीला पडदा लावला, मग दाराला लिंबू-मिरची बांधली. शेवटी रविवारी तो स्वतःच अंगणात आला.

"तोंड फिरव त्याचं. पोरं घाबरत्यात."

"तुजी पोरं पुण्यात ऱ्हात्यात," मालक म्हणाले. "पटतंय का?"

भाऊ वाकून हेलिकॉप्टर न्याहाळत होता. "शेपटीचा पंखा उलटा लावलाय."

"कुटं?"

मग दोघं चष्मे लावून ओट्यावर बसले. दोनदा चहा झाला. पंखा सुलटा झाला.

सोमवारी सकाळी मी दार उघडलं, तर हेलिकॉप्टर माझ्या खोलीवर रोखलेलं.

"हे इकडे का वळवलं?"

"भाऊ बोलाय लागला, सर. आता त्याच्याकडं कसं ठेवायचं? पण कुणाकडं तरी तोंड पायजेच की. पटतंय का?"

आणि या वेळी मात्र ते उत्तरासाठी थांबले.