पडद्याची खोली

कंडक्टरबाईंचा आवाज गाडीच्या हॉर्नपेक्षा मोठा आहे, असं त्यांचा ड्रायव्हर म्हणतो, आणि त्यात काही खोटं नाही. लग्नानंतर लगेच त्यांनी तिकिटांची पिशवी खांद्याला लावली, ती अजून उतरवलेली नाही. रांग मोडून चढणारा, सुटे नाहीत म्हणून खिसा दाबून बसणारा, म्हाताऱ्या माणसाला कोपर मारून जागा पटकावणारा, असे सगळे त्यांना ओळखून असतात. एकदा एका कोटवाल्या साहेबाला त्यांनी भर गाडीत उठवलं होतं. साहेब म्हणाला, "मी कोण आहे माहीत आहे का?" बाई म्हणाल्या, "माहीत आहे ना. आजोबांच्या जागेवर बसलेला माणूस."

घरी मात्र या बाई वर्षभर कुजबुजत बोलत होत्या. लेकीची बारावी, आणि त्यावर इंजिनिअरिंगची प्रवेश परीक्षा. टीव्हीवर चादर पडली होती. नवऱ्याचं सायकल दुरुस्तीचं दुकान घराला लागूनच. बिचाऱ्याला रिम ठोकायची झाली तरी आधी दारातून डोकावून, "ठोकू का?" असं विचारावं लागे. "परीक्षा तिची आहे की माझी?" असं तो पुटपुटायचा, पण पुटपुटायचाच.

लेकीला घरात भुंगी म्हणत. लहानपणी ती सतत पाठीशी लागून भुणभुण करायची. गाडी वळताना आपण का कलंडतो? साखळीला तेल का लावतात? आरशात उजवा हात डावा होतो, मग डोकं खाली का होत नाही? बाप कधी उत्तर द्यायचा, कधी हातातला पाना तिच्या हाती देऊन सुटका करून घ्यायचा. म्हणून तर शहरातल्या सगळ्यात नावाजलेल्या क्लासला तिला घातलं. ऐपत नव्हती, पण घातलं.

आणि परीक्षा तोंडावर आलेली असताना भुंगी जेवता जेवता म्हणाली, "आई, मी परीक्षेला बसणार नाही."

"का?"

"माझ्या डोक्यात शिरत नाही काही. मी ढ आहे."

"ढ? कोण म्हणालं तुला ढ? नाव सांग, बघतेच त्याच्याकडे!"

"कुणी म्हणायला कशाला पाहिजे? मला कळतंय."

झालं! वर्षभराची कुजबूज त्या एका ताटावर फुटली. आम्ही इथे मरमर मरतोय, तुझा बाप चोरासारखा हातोडा मारतोय, आणि तुला माज आलाय, अभ्यासाचा कंटाळा आला असेल तर तसं सांग, ढ असल्याची सोंगं आणू नकोस. बाई बोलत सुटल्या. पोर भरल्या ताटावरून उठून गेली. नवरा एवढंच म्हणाला, "जरा दमानं घ्यायचं होतंस." त्यावर तोही चार शब्द ऐकून बसला.

दुसऱ्या दिवशी बाईंची गाडी नेमकी क्लासच्या रस्त्यावर बंद पडली. प्रवाशांना मागच्या गाडीत बसवून दिलं. मेकॅनिक यायला वेळ होता. बाईंना रात्रीपासून चुटपुट लागलीच होती. पोरीला एकदा बघून येऊ, जमलं तर पाठीवरून हात फिरवू, म्हणून त्या गणवेशातच, पिशवीसकट जिना चढल्या. जिन्यात दोन्ही बाजूंना गेल्या वर्षीच्या हुशार मुलांचे फोटो हसत होते.

मोठ्या हॉलचं दार अर्धं उघडं होतं. गार हवा, रुंद बाकं, फळ्यापाशी फिजिक्सचे सर. बाईंना भरल्या गाडीत एका नजरेत माणूस शोधायची सवय. भुंगी तिथे नव्हती. बाईंनी बाहेरच्या टेबलाशी जाऊन तिचं नाव सांगितलं. टेबलामागची मुलगी मान वर न करता म्हणाली, "मागच्या खोलीत बघा. पडद्याच्या."

मागची खोली म्हणजे पूर्वीची अडगळ असावी. खिडकीला खोके लावलेले, बाकांवर पोरं दाटीवाटीनं बसलेली, आणि भिंतीवर पडदा. पडद्यावर तेच सर, तोच फळा. सरांचा आवाज आधी भिंतीतून यायचा आणि मग स्पीकरमधून. एवढ्या जवळ होता तो माणूस! बाई दारात उभ्या असतानाच दुसऱ्या बाकावरच्या एका पोरीनं हात वर केला. पडद्यासमोर हात वर! क्षणभर तसाच धरला, मग तिचं तिलाच उमगलं आणि त्याच हातानं तिनं केस सारखे केले. कुणी हसलंसुद्धा नाही.

भुंगी शेवटच्या बाकावर होती. बाईंना बघून ती घाबरीघुबरी होऊन बाहेर आली.

"कधीपासून इथे आहेस?"

"पहिल्या चाचणीपासून. ज्यांना मार्क जास्त, ते सरांसमोर. बाकीचे पडद्यासमोर. पुढची चाचणी चांगली गेली की पुढे घेतात."

"मग?"

"इथे बसून चांगली कशी जाईल, आई? अडलं तर विचारू कुणाला? एकदा सरांना जिन्यात गाठलं, तर म्हणाले, व्हिडिओ परत बघ."

"आणि घरी का नाही सांगितलंस?"

"तू चिडली असतीस."

बाईंना काल रात्रीचा आपला एकेक शब्द आठवला आणि अंगाचा तिळपापड झाला. सगळ्यात आधी स्वतःचाच राग आला. तेवढ्यात क्लासचे मालक लगबगीनं आले. "ताई, हळू. वर्ग चालू आहे."

"कुठला वर्ग? हा?"

"असं बघा, हुशार मुलांना मागे खेचून चालत नाही. आम्हाला निकाल दाखवायचा असतो."

"ज्यांना येतंय त्यांना मास्तर, आणि ज्यांना येत नाही त्यांना टीव्ही? वा रे न्याय! उद्या डॉक्टर धडधाकट माणसाला तपासेल आणि आजाऱ्याला आपला फोटो दाखवेल! फी घेताना बरी सगळी सारखीच हुशार होती!"

मालक काही बोलायच्या आत बाई खोलीत शिरल्या. "उठा रे बाळांनो. वह्या घ्या." पोरं एकमेकांकडे बघू लागली. मग बाईंनी आपला गाडीतला आवाज काढला. "चला, पुढे चला! मध्ये भरपूर जागा आहे!"

त्या आवाजाला कोण नाही म्हणणार? पोरं उठली आणि लोंढाच्या लोंढा मोठ्या हॉलमध्ये घुसला. दोघांच्या बाकावर तिघं सरकली, काहींनी खाली फरशीवर बैठक मारली. पुढची पोरंही मुकाट्यानं दप्तरं मांडीवर घेऊन जागा देत होती. मालक लालेलाल झाले. "तुमच्या मुलीचं नाव काढून टाकीन मी!"

"काढा. आधी तिला काय अडलंय ते ऐका, मग खुशाल काढा."

सरांच्या हातात खडू तसाच राहिला होता. माणूस वाईट नसावा, ओशाळला होता. "ठीक आहे," ते म्हणाले. "कुणाला काही विचारायचंय?"

मागच्या खोलीतलं एकही पोर बोलेना. सरांनी भुंगीकडे पाहिलं. "तुला?"

"नाही, सर. काही नाही."

सर सुटल्यासारखे फळ्याकडे वळले. बाई पुढे सरसावल्या. आपल्या पोरीचं तोंड या लोकांनी शिवून टाकलं, आणि वर काल आपण तिलाच सोंगाडी म्हणालो!

"थांबा, मास्तर. तिला अडलंय. कुठे ते मला सांगता यायचं नाही, माझं शिक्षण तेवढं नाही. पण माझी पोर भरल्या ताटावरून उगाच उठत नाही. ती विचारेपर्यंत फळ्याकडे वळू नका."

खाली गाडी दुरुस्त होऊन ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. बाई जागच्या हलल्या नाहीत.

भुंगी उभी राहिली. आधी वहीकडे बघून बोलली, मग सरांकडे. "सर, चाक न घसरता फिरत असेल, तर घर्षण कुठल्या दिशेला धरायचं? तुम्ही कधी पुढे दाखवता, कधी मागे. का ते मला कळत नाही."

सरांच्या कपाळाला आठी पडली. "अगं, हे तर आपण अगदी सुरुवातीला शिकवलं. त्यावर पुढचे कितीतरी धडे झाले."

"हो, सर," भुंगी म्हणाली. "तेव्हापासूनच अडलंय."