फिलोमिनाताई आणि माझे पाय

ऑस्ट्रेलियात, टूवूंबातल्या आमच्या गल्लीत कुणी हॉर्न वाजवत नाही. फिलोमिनाताई वाजवायच्या, आणि मी दार उघडेपर्यंत वाजवत राहायच्या. दर गुरुवारी संध्याकाळी.

मी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये नवी होते. त्या तिथल्या जुन्या नर्स, मूळच्या वसईच्या. माझा नवरा खाणीवर कामाला, पंधरा-पंधरा दिवस बाहेर, आणि मला गाडी येत नाही, एवढं त्यांनी कॅन्टीनमध्ये माझ्याकडून काढून घेतलं आणि पुढचं स्वतःच ठरवलं. "घरात बसून अंडी उबवतेस काय? क्लॉगिंगला चल."

क्लॉगिंग म्हणजे काय ते मला हॉलवर पोचल्यावर कळलं. बुटांच्या तळाला, चवड्याला आणि टाचेला, धातूच्या दुहेरी पट्ट्या असतात. लाकडी जमिनीवर पाय आपटला की त्या खणखणतात. सगळ्यांनी रांगेत उभं राहायचं, आणि समोर शिकवणारी जूडी गाण्यावर पुढची स्टेप ओरडून सांगणार. "लेफ्ट फूट, लव्ह," असं ती मला सारखी म्हणायची. मी उजवा उचलायचे, कारण शेजारी फिलोमिनाताईंनी उजवा उचललेला असायचा. कित्येक वर्षं त्या बिगिनर्समध्येच होत्या, तरी शिकवायच्या मला. "गुडघा सैल सोड, बाय. बँकेच्या लायनीत उभी आहेस का?"

"ताई, तुमचा पाय चुकतोय."

"माझा नाही चुकत. गाणं लवकर सुरू झालं."

गावच्या जत्रेसारखा इथे शेतीचा शो भरतो. त्यात आमचा नाच होता. त्यांनी मला न विचारता पुढच्या रांगेत माझं नाव दिलं. ऐन मध्यात ताई वळल्या, म्हणून मीही वळले. बाकी सगळ्या लोकांकडे तोंड करून नाचत होत्या आणि आम्ही दोघी मागच्या पडद्याकडे. परतताना गाडीत मी म्हटलं, "मी पुन्हा येणार नाही." त्या चिप्स खात म्हणाल्या, "बरं. गुरुवारी तयार राहा."

गुरुवारी हॉर्न वाजला. मी उठले नाही. हॉर्न थांबला, पण गाडी हलेना. बऱ्याच वेळाने चिडून बाहेर गेले, तर ताई नाचाचे बूट घालून आत बसलेल्या.

"तुमचा क्लास बुडाला ना."

"मग? तिथे कुणाकडे बघून नाचू? मी तुझ्याकडे बघूनच करते."

"आणि मी तुमच्याकडे बघून करते, ताई."

त्यांनी वाकून आपल्या बुटांकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "तरीच." त्यानंतर मी घरी मन लावून सराव सुरू केला. दोघींपैकी एकीला तरी यायला हवं होतं.

त्या हिवाळ्यात त्यांना पक्षाघाताचा झटका आला. डावी बाजू गेली. फिजिओने पाय उचलायला सांगितलं की त्या भिंतीकडे तोंड फिरवत. मी लंचच्या सुट्टीत त्यांच्या खाटेसमोर उभी राहून पहिली स्टेप करायचे, रोज, मुद्दाम उलट्या पायाने. बरेच दिवस त्यांनी बघितलंही नाही. एकदा अडखळत बोलल्या, "चुकतेयस."

"मग तुम्ही करून दाखवा."

त्यांनी माझ्याकडे रागाने पाहिलं. पांघरुणाखाली डावा पाय जरासा हलला. फिजिओने धावत जाऊन डॉक्टरांना बोलावलं.

काठी घेऊन चालायला लागल्यावर मुलाने त्यांना पर्थला नेलं. निघताना काही हळवं बोलतील असं वाटलं, तर म्हणाल्या, "जूडीला सांग, गाणी हळू लाव."

यंदा एका गुरुवारी दुपारी त्यांच्या मुलाचा फोन आला. ताई झोपेतच गेल्या. घरी बसवेना. एव्हाना मी गाडी शिकले होते, हॉलवर गेले. जूडीने दोनदा गाणं थांबवलं, मग जवळ येऊन हळूच म्हणाली, "ईझी, लव्ह, जमीन फुटेल."

मी "नो वरीज" म्हणाले आणि आणखी जोरात पाय आपटला. ताईंचा आला इतका राग मला आयुष्यात कुणाचा आला नव्हता.