मॅनेजर नेमायचा रविवार

आमच्या दुकानात मॅनेजर नेमायची एक रीत आहे. हैदराबादेतल्या हिमायतनगरचं साड्यांचं दुकान. रविवारी पाय ठेवायला जागा नसते. मालक शेवटी उरलेल्या उमेदवाराला मुद्दाम रविवारी बोलावतात, दुपारभर गर्दीत नुसतं हिंडू देतात आणि मग केबिनमध्ये विचारतात, यातल्या कोणाला कामावरून काढशील? 'कोणालाच नाही' म्हणणाऱ्याला चहा पाजून वाटेला लावतात. ज्याला काढता येत नाही तो दुकान काय सांभाळणार, असं त्यांचं म्हणणं. मागच्या मॅनेजरनं जिचं नाव घेतलं होतं ती पोरगी थोड्याच दिवसांत घरी बसली.

माझी शाळा सातवीतच सुटली. नांदेडकडच्या खेड्यातून नवऱ्याबरोबर इथं आले तेव्हा तेलुगूचा एक शब्द येत नव्हता, तरी मालकांनी मला कौंटरवर उभं केलं. ते उपकार मी विसरत नाही. आणि आपलं कधी काय होईल ही धास्ती, तीही काही जात नाही.

त्या रविवारी उमेदवार आत आला आणि सगळ्यांना एकदम काम सुचलं. घडी घातलेल्या साड्या मोडून पुन्हा घड्या. दुपार कलल्यावर मालक त्याला केबिनमध्ये घेऊन गेले आणि चहा मागवला. चहा देणारा सुट्टीवर. शेजारच्या कौंटरवरची तेलुगू अक्का हळूच म्हणाली, "नक्को जा गे. आज उनके सामने पडनाच नक्को."

मला वाटलं, आदबीनं चहा दिला तर बरंच दिसेल. गेले.

मी कप ठेवत होते. मालक म्हणाले, "अब बोलो साब, किसकू निकालेंगे?"

त्यानं चहावर फुंकर मारली आणि माझ्याकडं हनुवटी केली. "इनको."

"कायकू?"

"स्लो हैं."

मालकांनी माझ्याकडं बघितलंच नाही. मी ट्रे घेऊन बाहेर कशी आले, आठवत नाही. एका बाईनं जांभळी साडी मागितली, मी हिरवी काढून दिली. "बोली थी ना मैं," अक्का म्हणाली. मग तिनंच माझं गिऱ्हाईक आपल्याकडं घेतलं.

मालकांनी त्यालाच नेमलं. घरी मी काही बोलले नाही. नवरा म्हणाला असता, चल मग गावाकडं. गावाकडं काय आहे?

तो रुजू झाला त्या सकाळी मी सगळ्यांच्या आधी जाऊन त्याच्यासमोर उभी राहिले. माझ्या मोडक्या हिंदीत म्हणाले, सर, माझं काय चुकतं ते सांगा, मी सुधारते, पण काढू नका.

तो गोंधळला. "कौनसी गलती?"

रविवारचं सांगितलं. तरी त्याला आठवेना. मग म्हणाला, "अच्छा, चाय! वो आप थीं?" आणि अगदी सहज, "किसी का तो नाम लेना था, अम्मा. मेरेकु किसी का नाम मालूम नहीं था. आप सामने खड़ी थीं."

त्यात राग नव्हता, डावही नव्हता. ज्या वाक्यापायी मी इतक्या रात्री जागून काढल्या, ते त्याच्या ध्यानातही नव्हतं.

"तो मैं काम करूँ, सर?"

"करो ना. कौन मना किया?"

"थँक्यू सर," मी म्हणाले. कौंटरपाशी आले आणि खालच्या गादीवर बसूनच घेतलं. मग एक साडी पुढं ओढली आणि भरभर घडी घालायला लागले.