मास्तरांचं डासतेल

मास्तर निवृत्त झाले आणि घरातल्या डासांचे दिवस भरले, असं त्यांनी स्वतःच जाहीर केलं. तीस वर्षं शाळेत शास्त्र शिकवलेला माणूस. विकतची औषधं म्हणजे विष, हे त्यांनी बायकोला इतक्यांदा ऐकवलं की डासांनाही पाठ झालं असावं.

मग मास्तरीणबाईंच्या कुकरची शिट्टी निघून तिथे रबरी नळी बसली. दोन दिवस घरात स्वयंपाक नाही, नुसती गवती चहाची वाफ. टोपलंभर पाल्यातून तेल निघालं दोन चमचे. पाला कुकरच्या भोकात अडकू नये म्हणून पुरचुंडी बांधायला मास्तरांनी चक्क मच्छरदाणी कापली.

"आता तिचं काय काम?"

काम होतं. लेक दोन महिन्यांचं बाळ घेऊन राहायला येणार होती. त्याला डास चावू नयेत, एवढंच बाईंना हवं होतं. त्या तुकडे जोडायला बसल्या.

"माझ्यावर विश्वास नाही तुझा?"

"तुमच्यावर आहे हो. डासांवर नाही."

ते तेल बाटलीभर पाण्यात घालून मास्तर महिनाभर घरभर फवारत राहिले. मग लेक आली. दिवेलागणीला मास्तर फवाऱ्याची बाटली घेऊन बाळाकडे निघाले. बाई आडव्या आल्या.

"आधी स्वतःच्या पायांवर मारा. आणि बसा अर्धा तास."

मास्तरांनी पोटऱ्या ओल्या केल्या, खुर्ची ओढली आणि डासाला वास कसा कळतो ते लेकीला समजावू लागले. दहा मिनिटांत एक पाय दुसऱ्या पायाला घासू लागला. विसाव्या मिनिटाला दोन्ही हात कामाला लागले. व्याख्यान चालूच.

बाईंनी बाटली उचलून दिव्यासमोर धरली. वर पिवळा थर, खाली नितळ पाणी, आणि फवाऱ्याची नळी थेट तळाला.

"तेल पाण्यावर तरंगतं, हे कितवीत शिकवायचात? महिनाभर नुसतं पाणी मारताय. डासांना आंघोळ घालताय!"

"हलवायचं राहिलं असेल."

"अक्कल की बाटली?"

"आई!" म्हणत लेकीने हसू लपवायला दुपट्यात तोंड खुपसलं.

बाईंनी बाळाला पलंगावर निजवलं आणि ठिगळांची मच्छरदाणी चारही बाजूंनी खोचली. बाळ गाढ झोपलं. मास्तर खुर्ची हळूहळू पलंगाकडे सरकवत राहिले. शेवटी कुणाचं लक्ष नाही असं पाहून त्यांनी पायथ्याची कड उचलली आणि दोन्ही पाय आत घातले.

"आधी धुऊन या ते," बाई मागे न बघताच म्हणाल्या. "आणि कड नीट खोचा. डास आत गेला तर तुम्ही बाहेर."