बीजींच्या मानेवरचे केस

माझं अक्षर चांगलं नाही आणि शुद्धलेखन त्याहून वाईट. चौथीपर्यंत शिकले. नंतर पेन हातात आलं ते सही करण्यापुरतं. ऱ्हस्व-दीर्घ चुकेल, एखादी मात्रा राहून जाईल, त्याची आधीच माफी मागते. त्याच्याखेरीज दुसऱ्या कशाची माफी या कागदावर मागणार नाही.

हे मी आजपर्यंत कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, मुलीला नाही. यातलं अर्धं दोन माणसांना माहीत आहे — त्यातलं एक माणूस आता नाही. उरलेलं अर्धं फक्त माझ्याकडे आहे. मी चारचौघांत बोलत नाही. रिक्षात बसले तरी उतरायची जागा सांगताना आवाज फुटत नाही. पण लिहिताना माझे शब्द अडत नाहीत, हे मला आजच कळलं. म्हणून सरळ लिहिते.

मी काशीमीऱ्याच्या मागच्या चाळीत राहते आणि इंद्रलोक वसाहतीत एका सरदारजींच्या घरी काम करते. त्या घरात त्यांची आई होती. सगळे तिला बीजी म्हणायचे, मीही बीजीच म्हणायचे. वय झालेलं, गुडघे गेलेले, पण जीभ शाबूत. सून बँकेत कामाला. तिला मी भाभी म्हणते. ती माझ्याच वयाची आहे, म्हणून लिहिताना ‘ती’ असंच लिहिते.

माझं मुख्य काम होतं बीजींचे केस. कमरेच्या खाली जाणारे, पांढरे, दोऱ्यासारखे बारीक. सकाळी मी विंचरायचे, संध्याकाळी कामावरून आल्यावर भाभी. लाकडी कंगवा, थोडं तेल, आणि बीजी तोंडातल्या तोंडात पाठ म्हणत बसलेल्या. कंगव्यात आलेला एक केससुद्धा त्या केरात टाकू द्यायच्या नाहीत. एका कापडी पुरचुंडीत जमवायच्या आणि कुणी खाडीकडे जाणार असलं की त्याच्याकडे द्यायच्या, वाहत्या पाण्यात सोडायला.

पहिल्या आठवड्यात मी मोठाच घोळ घातला. आमच्या सांगलीकडे बाई केस राखते ती नवसासाठी, आणि नवस पुरा झाला की देवाला देऊन येते. मला वाटलं, हाही तसलाच काही नवस. मी विचारलं, बीजी, हे कुठल्या देवाला द्यायचे आहेत? कधी जायचंय? त्या इतक्या हसल्या की ठसका लागला. भाभीला हाक मारून म्हणाल्या, ही शालू बघ, माझं टक्कल करायला निघाली आहे. मग माझा हात धरून खाली बसवलं आणि समजावलं. म्हणाल्या, द्यायचे कसले? हे त्यानेच दिलेत. ज्याने दिलं त्याला पुरतं माहीत होतं काय द्यायचं ते. आपण कोण त्यात काटछाट करणार? त्याने बनवलं तसंच राहायचं, एवढंच.

मी म्हटलं, मग साधूसुद्धा केस वाढवतातच की. त्यावर त्यांनी जे सांगितलं ते मला अजून शब्दाला शब्द आठवतं.

“साधू घर छोड़ता है, इसलिए जटा. हम घर में रहते हैं, इसलिए कंघा. बाल उसका हुकम है, शालू. कंघा हमारी मेहनत.”

म्हणजे नुसते वाढवून चालत नाही. रोज दोनदा सोडवायचे, स्वच्छ ठेवायचे, बांधायचे. गुंता होऊ द्यायचा नाही — डोक्यातही आणि डोक्याच्या आतही. मला हे पटलं होतं. उगाच मान डोलावली नव्हती मी. पटलं होतं, आणि तरीही पुढचं केलं. हे आधी लिहून ठेवते, म्हणजे मला माहीत नव्हतं असं कुणी माझ्या बाजूने म्हणायला नको.

एका पावसाळ्यात बीजींना ताप आला. उतरायचा, पुन्हा चढायचा. भाभीला सुट्टी मिळेना, सरदारजी बाहेरगावी. मला दिवसभरासाठी ठेवून घेतलं. भाभीने एवढंच सांगितलं होतं, बाकी काही राहिलं तरी चालेल, केसांचं बघ. ती थकून घरी यायची आणि विचारायची, विंचरलेस? मी म्हणायचे, दोन्ही वेळचं झालं भाभी, तुम्ही बसा. ती माझ्यावर विश्वास ठेवून बसायची.

विंचरलं होतं का? नाही. कंगवा लावला की बीजी कण्हायच्या, मान ताठ राहायची नाही. पहिल्या दिवशी मला खरंच दया आली. दुसऱ्या दिवशीपासून दया नव्हती — कंटाळा होता. त्यांच्या खोलीत गार वाटायचं, आणि मी मोबाईलवर सीरियल बघत बसायचे. संध्याकाळ झाली की पाण्याचा हात फिरवून वरचे केस चापून बसवायचे आणि डोक्यावर अंबाडा घालायचे. वरून बघणाऱ्याला वाटावं, काय छान विंचरलेत. मानेकडचे आतले केस मात्र घामाने, तेलाने, उशीच्या घर्षणाने एकमेकांत विणले गेले. एक दिवस बोटं घातली तर आत गेलीच नाहीत. भांडी घासायचा काथ्या असतो ना, तसं झालं होतं.

आता भाभीला काय सांगणार? रोज दोनदा विंचरते म्हणणाऱ्या बाईच्या हातून हे कसं झालं?

माझी एक आत्या होती. तिच्या डोक्यात जट झाली होती. देवीची जट म्हणून कुणी हात लावू देत नव्हतं, आणि त्या ओझ्याने तिची मान वाकडी झाली होती. एक बाई गावात आल्या, आत्याजवळ बसून राहिल्या, तिच्याशी बोलल्या, आणि एक दिवस आत्याच म्हणाली, काढून टाका. जट निघाल्यावर आत्या मान इकडे फिरव, तिकडे फिरव, हसतेय काय, रडतेय काय. मी तेव्हा लहान होते. कात्री चांगली असते, हे मी तेव्हा शिकले.

त्या दुपारी मी स्वतःला आत्याची गोष्ट सांगितली. म्हटलं, ही जटच आहे. बीजीच म्हणाल्या ना, जटा आपली नाही? मग काढलेली बरी. किती सोयीची गोष्ट होती. पण आत्याला विचारलं होतं — ती हो म्हणाली होती. बीजी औषधाच्या गुंगीत भिंतीकडे तोंड करून झोपल्या होत्या. आणि तो गुंता कुठल्या देवीने घातला नव्हता, मी घातला होता. शांतपणे तासभर बसून सोडवला असता तर सुटला असता.

स्वयंपाकघरात दुधाच्या पिशव्या कापायची कात्री होती. ती आणली आणि मानेवर तळहाताएवढ्या जागेतले केस मुळाशी कापले. गुंत्याच्या खाली हातभर लांब चांगले केस लोंबत होते, तेही गेले. सगळं पिशवीत घातलं, वरचे केस खाली ओढून अंबाडा बांधला, आणि कात्री धुऊन जागेवर ठेवली.

ताप उतरल्यावर बीजी पहिल्यांदा स्वतः उठून बसल्या. हात मागे नेऊन केस वर उचलले, आणि बोटं मानेवर थांबली. तिथे खुंट होते. त्या ओरडल्या नाहीत. बोटं तिथेच ठेवून त्यांनी विचारलं, “किसने?”

खोलीत मी होते आणि भाभी होती. बीजींनी आधी माझ्याकडे बघितलं. मी फक्त मान वळवून भाभीकडे बघितलं.

एवढंच केलं मी. एक शब्द खोटा बोलले नाही. पण ती नजर म्हणजे बोट दाखवणंच होतं, आणि मला ते तेव्हाही कळत होतं. भाभीचे लग्नाआधी केस कापलेले होते, नंतर वाढवले. बीजींच्या तापात एकदा ती बोलूनही गेली होती की, बीजी, थोडे कमी केले तर त्रास कमी होईल का? बीजींना दुसरा काय पुरावा हवा होता? भाभी म्हणाली, मी नाही. बीजी म्हणाल्या, ठीक है. ओढणी डोक्यावर घेतली. आणि दुसऱ्या दिवशी मला सांगितलं, संध्याकाळचे केसही आता तूच कर, पाचशे रुपये जास्त देईन.

ते पाचशे मी महिन्याच्या महिन्याला घेतले. जवळजवळ दोन वर्षं. भाभी सवयीने तेलाची वाटी गरम करून आणायची, दारात उभी राहायची, आणि बीजी म्हणायच्या, शालूला दे. घरात भांडण झालं नाही. त्यांच्यात बोलणं होतं, हसणं होतं, पण सासूचं डोकं सुनेच्या हाताला मिळेना. एकदा ओट्याजवळ भाभी मला म्हणाली, “शालू, माझ्या हातांना काटे आहेत का गं?” मी पीठ मळत होते. मळतच राहिले.

बीजींचं वय बघता हे असंच संपणार, हे मला दिसत होतं. सुनेने आपला धर्म कापला, असं मनात धरून त्या जाणार, आणि भाभी जन्मभर न केलेल्या गोष्टीची धनीण राहणार. एके दुपारी विंचरता विंचरता मी सांगून टाकलं. तोंडावर सांगायची हिंमत नव्हती, म्हणून त्यांच्या पाठीला सांगितलं. बीजी, ते मी कापले. भाभीने नाही. मी विंचरत नव्हते, गुंता झाला, म्हणून कापले.

त्यांनी हात मागे केला, कंगवा मागून घेतला, आणि भाभी कामावरून येईपर्यंत तो मांडीवर धरून बसल्या. ती आल्यावर मला पुन्हा सगळं बोलायला लावलं, तिच्यासमोर. भाभी खुर्चीवर बसली, चप्पलसुद्धा काढली नव्हती. बीजींनी तिची माफी मागितली नाही, तो त्यांचा स्वभाव नव्हता. एवढंच म्हणाल्या, “तेल ला, पुत्तर.” भाभी तेल आणायला गेली आणि स्वयंपाकघरात बराच वेळ नळ चालू राहिला.

मला कामावरून काढलं नाही. बीजी म्हणाल्या, ते जादाचे पाचशे हिच्या हक्काच्या कामाचे होते. ते हिला परत कर, सगळे, पगारातून थोडे थोडे. मी हो म्हटलं. मग त्यांनी हलक्या आवाजात विचारलं, “शालू, वो बाल कहाँ गए?”

इथपर्यंतचं त्या दोघींना माहीत होतं. आता जे लिहिते आहे ते त्यांना माहीत नाही.

मी म्हटलं, खाडीत सोडले, बीजी. त्यांनी विचारलं, पाणी वाहतं होतं? मी म्हटलं, ओहोटी होती, लगेच घेऊन गेलं. त्यांनी डोळे मिटले, वाहेगुरू म्हणाल्या, आणि त्यांचे खांदे सैल झालेले मी स्वतः बघितले.

खाडीत नव्हते सोडले. आमच्या चाळीत केस विकत घेणारी बाई येते, केसावर भांडं देते नाहीतर रोख पैसे. कापल्याच्या दुसऱ्या सकाळी मी पिशवी तिच्यापुढे ठेवली. ती म्हणाली, पांढरे आहेत, गुंता आहे, तीनशे देईन. आणि मी, जिच्या तोंडून शब्द फुटत नाही ती मी, तिच्याशी घासाघीस केली. म्हटलं, या केसांना जन्मापासून कात्री लागलेली नाही. असे कुठे मिळतात तुला? तिने केस हातात घेऊन टोकं बघितली आणि पन्नास रुपये वाढवून दिले.

बीजींनी सगळं आयुष्य जे जपलं, त्याचे मी पन्नास रुपये जास्त वसूल केले. त्या पैशांनी मोबाईलचं रिचार्ज मारलं. ते केस कुठल्या टोपात गेले, कुणाच्या डोक्यावर बसले, मला माहीत नाही. खोटं बोलले ते बीजींना शांत वाटावं म्हणून, असं आता म्हणता येईल. पण तसं नव्हतं. त्यांनी त्या क्षणी माझ्याकडे कसं बघितलं असतं, ते मला बघायचं नव्हतं, एवढंच.

बीजी यंदा थंडीत गेल्या. शेवटच्या वेळी केस भाभीने विंचरले. तेल, लाकडी कंगवा, घट्ट अंबाडा. मी दारात उभी राहून पाणी देत होते. नंतर भाभी म्हणाली, राहिलेले पैसे राहू दे आता. मी राहू दिले नाहीत. केसांचे साडेतीनशे मी एका रविवारी गुरुद्वाऱ्याच्या गोलकात, म्हणजे दानपेटीत टाकले, आणि लंगरच्या पंगतीत न बसता बाहेर पडले.

पाचशे-पाचशे करत भाभीचे देत आले. आज पगार झाला, त्यातले शेवटचे पाचशे तिच्या हातात दिले. तिने न मोजता फ्रीजवर ठेवले आणि भाजीत मीठ आहे का बघ म्हणाली. बघितलं, होतं. पैसे सगळे परत झाले.